रूप, कस आणि झीज : चांदीच्या जुन्या नाण्यांच्या प्रतवारीसंबंधी काही विचार

१

वसई रोड रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस माणिकपूर हे गाव आहे. एकेकाळचे हे शेती-बागायतीचे गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. उंच इमारतींच्या दाटीत काही जुनी घरे अद्याप तग धरून आहेत, आणि त्यांतील पेट्यांच्या तळाशी वाडवडिलांनी जपलेली रुपयांची एखादी पुरचुंडी क्वचित आढळते. अशीच एक पुरचुंडी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी प्रस्तुत लेखकापुढे सोडली. तीत पाच रुपये होते : एक पेशवेकालीन अंकुशी, एक १८४० सालचा, एक १८६२ सालचा, एक १९१२ सालचा आणि एक १९४० सालचा. "सर, यांतला चांगला कोणता तेवढं सांगा, वाईट असेल तो मोडीत घालतो," एवढीच त्यांची विचारणा होती. एका व्यापाऱ्याने त्यांना आधीच सांगून ठेवले होते की, १८६२ चा लखलखीत रुपया सर्वांत उत्तम, व अंकुशी रुपयावरील निम्मी अक्षरे 'उडालेली' असल्यामुळे तो वितळविण्याच्याच योग्यतेचा.

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी 'चांगला' या शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो. आणि तो ठरवू लागताच नाणकशास्त्रातील एक मूलभूत अडचण पुढे येते. पाचही नाणी चांदीची. परंतु त्यांची रूपे निराळी, घडविण्याच्या रीती निराळ्या. एकाला लावलेला मापदंड दुसऱ्याला लावला तर निर्णय चुकतो, आणि चुकलेल्या निर्णयाचे पर्यवसान सोनाराच्या मुशीत होते. मुशीत गेलेले साधन परत मिळत नाही.

प्रस्तुत लेखक हा मूलतः भाषेचा अभ्यासक. त्याने नाण्यांच्या प्रांतात पाऊल टाकावे, याचे समर्थन एवढेच की नाणे हाही एक लेख आहे, आणि नाण्याची प्रतवारी करणाऱ्यापुढील प्रश्न पोथीचा पाठ ठरविणाऱ्याच्या प्रश्नाहून फारसा भिन्न नाही. पोथीत एखादे अक्षर नसेल, तर ते लेखकाने लिहिलेच नव्हते, की लिहिलेले पुढे कसरीने खाल्ले, हे आधी ठरवावे लागते. नाण्याच्या बाबतीतही नेमके हेच आहे. जे आज दिसत नाही ते पूर्वी होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या नाण्याचे मूळ रूप जाणल्यावाचून देता येत नाही. यास्तव प्रतवारी ही नाण्याच्या अंगची एखादी निरपेक्ष संख्या नसून मूळ रूप आणि अवशिष्ट रूप यांच्यातील संबंधाचे विधान होय, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

आरंभ शब्दांपासून करू. 'रुपया' हा शब्द 'रूप्य' या संस्कृत शब्दापासून आला आहे. पाणिनीने 'रूप' शब्दापासून 'रूप्य' हे रूप सिद्ध करताना 'आहत', म्हणजे ठोकून उमटविलेले, असा अर्थ दिला आहे. तेव्हा ज्याच्यावर रूप ठोकून उमटविले आहे ते रूप्य. चांदी हा अर्थ त्याला नाण्याच्या द्वारे चिकटला. 'रूपक' हा शब्दही नाण्याच्या अर्थाने कोरीव लेखांत येतो. नाशिक जिल्ह्यातील अंजनेरी येथे सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात 'कृष्णराज-रूपकां'चा उल्लेख आहे. हा ताम्रपट आठव्या शतकाच्या आरंभीचा. ज्या कलचुरी कृष्णराजाची ती नाणी, तो सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतरही त्या राजाच्या नावाची चांदीची नाणी व्यवहारात होती. राजा गेला, राजवंश गेला, तरी रूप व नाव टिकून राहिले. ही नाणी मुंबई व साष्टी या भागांतही सापडलेली असल्यामुळे आपल्या परिसराशी त्यांचा संबंध जवळचा आहे.

व्युत्पत्ती अशी रूपाला प्राधान्य देते. परंतु बोलीतील वाक्प्रचार पाहिले तर निराळेच चित्र दिसते. 'खणखणीत' हे विशेषण नाण्याच्या नादावरून आले. 'नाणे वाजवून घेणे' हा सावधपणाचा प्रकार. 'बंदा रुपया' म्हणजे मोड न झालेला, अखंड. 'बट्टा' हा मुळात नाण्याच्या दर्शनी किंमतीतून कापावयाचा अंश. 'नावाला बट्टा लागणे' ही त्याची लाक्षणिक वाट. 'कसाला उतरणे' हे कसोटीच्या दगडावरून आले. नाद, अखंडता, तोल आणि कस या चार गोष्टी मराठी भाषकाने नाण्यात पाहिल्या. नाण्यावरील चित्र वा अक्षर किती स्पष्ट आहे, यावर आधारलेला रूढ वाक्प्रचार सहसा आढळत नाही. 'शिक्कामोर्तब' या शब्दातील शिक्का अधिकाराचा द्योतक आहे, सुबकतेचा नव्हे.

याचे कारण उघड आहे. बाजारात नाण्याची पारख करणारा सराफ किंवा पोतदार ही माणसे धातूचा हिशेब पाहत. झीज म्हणजे त्यांच्या दृष्टीने वजनातील घट, आणि घट म्हणजे बट्टा. ही पारख जबाबदारीची होती. खरे नाणे खोटे आणि खोटे नाणे खरे म्हणून सांगणाऱ्या नाणकपरीक्षकाला याज्ञवल्क्यस्मृतीत 'उत्तम साहस' हा सर्वोच्च दंड सांगितला आहे. म्हणजे चुकीची प्रतवारी हा आपल्या धर्मशास्त्रानुसार गुन्हाच होता. संग्राहकाची प्रतवारी मात्र धातूच्या नव्हे, तर रूपाच्या शेषाची प्रतवारी आहे. व्युत्पत्तीने 'रूप्य' शब्दात जे सांगितले, त्याकडेच संग्राहक परत वळला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३

रूप बदलते तेव्हा प्रतवारीचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक नाणी होती. एका बाजूस राजाचे मुख व ग्रीक लिपीतील मजकूर, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख, असे त्यांचे मूळ रूप. भाषा प्राकृत, ग्रीक अक्षरांतही प्राकृतच लिहिलेली. या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या मुखावर तीन कमानींचा पर्वत बसला, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह बसले, आणि खालून जुन्या लेखाची अक्षरे अर्धीमुर्धी डोकावत राहिली.

आता या नाण्यांची प्रत कशी लावावयाची? नहपानाचे नाणे म्हणून पाहिले तर ते विद्रूप झालेले. सातकर्णीचे नाणे म्हणून पाहिले तर त्याचा ठसा अपूर्ण व गढूळ. दोन्ही मापदंडांनी ते हलक्या प्रतीचेच ठरेल. तथापि शक-सातवाहन संघर्षाचा याहून प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळेल. नहपान व गौतमीपुत्र यांचे समकालीनत्व ठरविताना इतिहासकारांनी ज्या साधनांचा आधार घेतला, त्यांत ही 'बिघडलेली' नाणी अग्रभागी आहेत. समजा, एखाद्या नीटनेटकेपणाच्या भोक्त्याने या साठ्यातून केवळ स्वच्छ मुखाची नाणी निवडून उरलेली वितळविली असती, तर इतिहासाचे एक पान नाहीसे झाले असते.

दुसरे उदाहरण माणिकपूरच्या अगदी शेजारचे आहे. वसई रोडच्या उत्तरेस पुढचेच स्थानक नालासोपारा. तेच प्राचीन शूर्पारक. तेथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाच्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि तेथे स्तूप असल्याचे सिद्ध झाले. या उत्खननात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर क्षत्रपांच्या धर्तीचे राजमुख आहे. ज्या रूपावर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारून ते झाकले, तेच रूप पुढे त्याच्या वंशजांनी स्वतःच्या चांदीच्या नाण्यांसाठी स्वीकारले. प्रजेच्या हाताला ज्या नाण्याची सवय झाली होती, त्याच्याशी राजसत्तेने केलेली ती तडजोड होय.

भाषाभ्यासकाला हा वर्ग आणखी एका कारणाने महत्त्वाचा वाटतो. या नाण्यांच्या एका बाजूचा मजकूर प्राकृतात आहे, तर दुसऱ्या बाजूस षष्ठीच्या 'स' प्रत्ययाच्या जागी 'कु' हा प्रत्यय दिसतो. हा दुसरा मजकूर आरंभी निराळ्या रीतीने वाचला गेला. विसाव्या शतकात याच वर्गातील आणखी नाणी ताडून पाहता आल्यावर वाचन सुधारले, आणि ही भाषा द्राविड कुळातील असावी असे मत पुढे आले. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, अशा चकतीवर लेखाची सर्व अक्षरे क्वचितच मावतात. एका नाण्यावर आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट, असे तुकडे जोडून पाठ सिद्ध करावा लागतो. ज्या नाण्यावर चेहरा पुसट पण शेवटचा प्रत्यय शाबूत आहे, ते बाजाराच्या दृष्टीने कनिष्ठ व पाठाच्या दृष्टीने श्रेष्ठ असू शकते. शिवाय, पुरलेल्या वास्तूत मिळालेले नाणे किती झिजलेले आहे यावरून ते पाडल्यानंतर किती काळाने पुरले गेले असावे, याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे झीज ही केवळ उणीव नसून ती कालमापनाचे साधनही आहे.

४

आता मध्ययुगाकडे वळू. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १७८० मध्ये ती इंग्रजांनी घेतली व सालबाईच्या तहानंतर पुन्हा मराठ्यांकडे आली. आणि पेशवाईच्या अखेरीबरोबर ती कायमची इंग्रजी अमलाखाली गेली. प्रत्येक सत्तेबरोबर नाण्यांची रूपे बदलली. मात्र एक रूप आले म्हणून दुसरे लगेच लोपले असे घडले नाही.

पोर्तुगीज अमलातील चांदीच्या नाण्यांची नावेच पाहावी. 'शेराफिन' हे त्यांतील प्रमुख नाव 'अशरफी'वरून आले. अशरफी हे मुळात इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या नावावरून पडलेले सोन्याच्या नाण्याचे नाव. गोव्यात येईपर्यंत ते चांदीला लागले. 'पारडाव' या नावाचे मूळ नाण्यावरील 'प्रताप' या बिरुदात असावे, असे गोमंतकीय कोशकार सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी मानले आहे. रूप बदलते, धातू बदलतो, नाव मात्र प्रवास करीत राहते. म्हणून नुसत्या नावावरून नाण्याचा वर्ग ठरविणे धोक्याचे असते.

याच काळात कोकण किनाऱ्यावर 'लारी' हे नाणे रूढ होते. इराणातील लार या प्रदेशावरून हे नाव पडले. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेला असे, असे त्याचे स्वरूप. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही लाऱ्या पाडल्या. तारेची रुंदी इतकी अल्प की ठशातील संपूर्ण मजकूर एका लारीवर उमटणे अशक्यच. ज्या नाण्यावर पूर्ण लेख कधी नव्हताच, त्याच्या बाबतीत 'अक्षरे गेली' अशी तक्रार करणे निरर्थक होय.

हाच विचार अंकुशी रुपयाला लागू पडतो. पुण्याच्या टांकसाळीतील या रुपयावर अंकुशाची खूण असते, म्हणून हे नाव. मजकूर फार्सी व दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा. मराठी सत्तेच्या चांदीच्या नाण्यावर फार्सी, आणि तांब्याच्या शिवराईवर देवनागरी, हा भेद लक्षणीय आहे. दूरच्या सावकारी व्यवहारात जावयाचे नाणे सर्वत्र परिचित असलेल्या मोगली रूपाचे ठेवणे सोयीचे होते; गावच्या बाजारात फिरणाऱ्या तांब्यावर राजाने स्वभाषेत आपले नाव घातले. धातूप्रमाणे लिपी बदलावी, ही भाषिक समाजशास्त्राच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे. इंग्रजी अंमल आल्यावरही काही वर्षे अंकुशी रुपया पडत राहिला. त्या रुपयांवर फसली सालाचे आकडे येतात.

अंकुशी रुपया हाताने ठोकून पाडीत. चांदीची तोललेली गोटी चपटी करून खालच्या ठशावर ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा व घणाचा घाव घालावयाचा, अशी ही रीत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे लेखाचा काही भाग प्रत्येक नाण्यावर चकतीबाहेरच जाई. घाव जरा तिरपा पडला तर एक बाजू खोल व दुसरी उथळ उमटे. तेव्हा अंकुशी रुपयावर निम्मी अक्षरे नसणे ही झीज नव्हे. ती घडणीची रीत आहे. झीज ओळखावयाची ती जी अक्षरे उमटली आहेत त्यांच्या माथ्यावरून. माथे तीक्ष्ण असतील व अक्षरांमधील तळ खडबडीत असेल, तर नाणे फारसे हाताळले गेलेले नाही. माथे गोलावून तळाशी एकरूप होऊ लागले असतील, तर ते खूप फिरले आहे. माणिकपूरच्या पुरचुंडीतील अंकुशी रुपयाची अक्षरे अशी तीक्ष्ण होती. व्यापाऱ्याने ज्याला 'उडालेले' म्हटले, ते त्या चकतीवर कधी उतरलेच नव्हते.

५

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. मराठीत 'रुपयाभार' हे वजन रूढ झाले ते या स्थैर्यामुळेच. यंत्राने पाडलेले, दातेरी कडेचे, पूर्ण ठशाचे हे नाणे. आता लेखातील प्रत्येक अक्षर प्रत्येक चकतीवर उमटू लागले, आणि म्हणून प्रथमच अक्षर नसणे हा झिजेचा सबळ पुरावा ठरू लागला. ज्या अर्थाने आज आपण प्रतवारी करतो, तिची पूर्वअट अशा रीतीने १८३५ मध्ये सिद्ध झाली. रुपयाच्या असंख्य जाती व त्यांवरील बट्ट्याचा गुंता कमी होत गेला, त्याबरोबर सराफाच्या पारखीचे क्षेत्रही आकसले.

तथापि एकरूपतेच्या या काळातही रूपे बदलतच राहिली. १८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमचे उघडे मस्तक आहे. १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचे मस्तक आले. हे १८४० साल पुढे १८६२ पर्यंत बदललेच नाही. बदलली ती अक्षरांची मांडणी. एका प्रकारात राणीचे नाव व पद मस्तकाभोवती सलग येते, दुसऱ्यात मस्तकाच्या दोन बाजूंस विभागून. तेव्हा १८४० हा आकडा पाहून नाण्याचे वय ठरविणारा फसतो. १८६२ मध्ये मुकुटधारी, नक्षीदार वस्त्रातील राणी आली. आणि पुन्हा १८६२ हे साल १८७४ पर्यंत गोठले. या अवधीत मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष दर्शविण्यासाठी बारीक ठिपक्यांच्या संख्येचा उपयोग केला. हे ठिपके मोजता येतात की नाही, यावर नाण्याचे वर्ष अवलंबून असते. ते एकदा घासले गेले की वर्ष कायमचे हरवले. १८७७ पासून 'क्वीन' या पदाची जागा 'एम्प्रेस' या पदाने घेतली. राजकीय घटनेचा परिणाम एका शब्दाच्या बदलात दिसावा, याचे हे स्वच्छ उदाहरण.

रूप बदलले की झिजेच्या जागा बदलतात. १८४० च्या मस्तकावर कानावरचे केस आधी सपाट होतात. १८६२ च्या प्रतिमेत मुकुट व छातीवरील नक्षी आधी झिजते. नक्षी दाट असल्यामुळे थोडी झीजही तेथे तत्काळ दिसते. सातव्या एडवर्डचा १९०३ ते १९१० चा रुपया उघड्या मस्तकाचा. तेथे नक्षीच नाही, म्हणून तीच झीज डोळ्याला कमी जाणवते. परिणामी समान काळ फिरलेल्या दोन नाण्यांपैकी राणीचे नाणे अधिक झिजलेले व एडवर्डचे कमी झिजलेले भासते. हा भास आराखड्याचा असतो, चांदीचा नव्हे.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा सुपरिचित आहे. राजवस्त्रावरील साखळीत कोरलेला हत्ती सोंडेच्या आखूडपणामुळे डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार उठली. नाणे मागे घेण्यात आले व १९१२ पासून हत्ती सुधारून कोरण्यात आला. सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर गेली होती. उरलेली वितळविण्यात आली. काही मिलिमीटरांच्या चित्राने एक संपूर्ण वर्षाचे नाणे दुर्मिळ केले.

१९४० मध्ये याच्या उलट प्रकार घडला. सहाव्या जॉर्जच्या रुपयाचे बाह्य रूप बहुतांशी तसेच ठेवून त्यातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. उरलेला भाग तांबे, निकेल व जस्त यांचा. कडही बदलण्यात आली, ती बनावट टाळण्यासाठी. महायुद्धाच्या निकडीतून हे झाले. पहिल्या महायुद्धातही चांदीचा असाच तुटवडा पडला होता. तेव्हा १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी ब्रिटनला चांदी विकली. एका देशाच्या नाण्याचे रूप मोडून दुसऱ्या देशाच्या नाण्याचे रूप घडले. दुसऱ्या महायुद्धात अधिक कसाचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढण्यात आले, आणि १९४६-४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. आज घराघरांत जे जुने रुपये दिसतात, ते कुणीतरी सरकारात न भरता लक्ष्मीपूजनासाठी किंवा लेकीच्या दागिन्यासाठी राखून ठेवलेले आहेत. उरलेला नमुना यदृच्छेने उरलेला नसून निवडून उरलेला आहे, हे संग्राहकाने विसरता कामा नये.

६

हल्ली नाण्याला १ ते ७० यांपैकी एक अंक देण्याची पद्धती भारतीय नाण्यांच्या व्यापारातही शिरली आहे. अंक दिलेले नाणे पारदर्शक डबीत मोहोरबंद केले जाते आणि त्या अंकावर किंमत ठरते. या मोजपट्टीचा उगम पाहणे उद्बोधक आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये ती मांडली ती सर्व जगाच्या नाण्यांसाठी नव्हे, तर अमेरिकेच्या १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी. ७० अंकाच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट, असा तिच्यामागील हिशेब होता. एका देशातील, एका धातूच्या, एका नाण्याच्या तत्कालीन बाजारभावावरून निघालेली ही पट्टी १९७० च्या दशकापासून तेथील सर्व नाण्यांना लावली जाऊ लागली, आणि आता ती आपल्या अंकुशी रुपयावरही ठेवली जाते.

एका भाषेसाठी रचलेले व्याकरण दुसऱ्या भाषेवर लादल्याने काय होते, हे आपण जाणतो. लॅटिनच्या साच्यात मराठीच्या विभक्ती बसविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा जे बसले नाही ते अनियमित ठरविण्यात आले. दोष भाषेचा नव्हता, साच्याचा होता. अंकपट्टी सर्वथा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. यंत्राने पाडलेल्या एकाच प्रकारातील दोन नाण्यांची तुलना करावयास ती उपयोगी पडते. परंतु दोन प्रकारांच्या सीमेपलीकडे तिला नेले की ६० विरुद्ध ३० या आकड्यांना समान एकक राहत नाही.

७

यास्तव नाण्याची नोंद करताना एक अंक न देता पाच गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात, अशी सूचना करावीशी वाटते. पहिली, रूप : कोणता प्रकार, कोणता उपप्रकार, घडण हाताची की यंत्राची. दुसरी, छाप : टांकसाळीतून बाहेर पडताना मूळ आराखड्याचा किती भाग चकतीवर उतरला होता. तिसरी, झीज : उतरलेल्या भागापैकी हाताळण्याने किती गेला. चौथी, उपद्रव : कडी, भोक, डाक, सराफाची खूण, घासणे. पाचवी, तोल आणि कस. यांपैकी दुसरी आणि तिसरी यांची गल्लत होते तेथेच बहुतेक चुका उद्भवतात.

चौथ्या नोंदीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. सराफ धातू तपासण्यासाठी नाण्यावर बारीक ठसा किंवा टाक मारीत. संग्राहक त्याला व्रण समजतो. परंतु ते नाणे बाजारात फिरले, तपासले गेले व मान्य झाले, याचा तो दाखला आहे. जोगळटेंभीच्या नाण्यांवर जे राजाने मोठ्या प्रमाणावर केले, तेच येथे सराफाने लहान प्रमाणावर केले. डाक दिलेली कडी हीही एक नोंदच आहे. चलनातून दागिन्यात झालेल्या स्थित्यंतराची. घासणे मात्र निराळे. त्यातून कोणतीही माहिती वाढत नाही, केवळ घटते.

हे प्रस्तुत लेखक स्वानुभवाने लिहीत आहे. विद्यार्थिदशेत घरातील एक अंकुशी रुपया काळा पडला म्हणून त्याने चिंच व राख लावून घासला होता. नाणे आरशासारखे झाले व घरच्यांनी कौतुकही केले. पुढे त्याचा अभ्यास करावयास घेतला, तेव्हा अक्षरांचे माथे गोलावलेले आढळले. परंतु ती झीज शंभर वर्षांच्या हातांची किती आणि एका दुपारच्या राखेची किती, हे ठरविण्याचा मार्ग उरला नव्हता. पोथीवर शाई गिरवून ठेवणाऱ्या उत्साही वाचकाने मूळ पाठ जसा कायमचा झाकावा, तसेच ते झाले. चांदीवरचा काळसर थर हा तिचा मळ नसून तिचे कवच आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

आता त्या पुरचुंडीकडे परत येऊ. १८६२ चा लखलखीत रुपया भिंगाखाली पाहता घासल्याच्या समांतर रेषांनी भरलेला होता. कडेवर डाकाची खूण होती, आणि ठिपके असल्यास ते मोजण्यासारखे राहिले नव्हते. १८४० च्या रुपयावर, राणीच्या गालावर, सराफाचा टाक होता. मांडणी विभागलेली, म्हणजे तो उत्तर-प्रकारातील. १९१२ चा रुपया भरपूर फिरलेला. हत्तीची जागा केवळ ओळखता येत होती. १९४० चा जवळजवळ अस्पर्शित, पण निम्म्या कसाचा. आणि अंकुशी रुपया, ज्याला मोडीत घालावयाचे होते, तो घासलेला नव्हता, त्याला कडी नव्हती, आणि त्यावर जे उतरले होते ते जवळजवळ सर्व शाबूत होते. झिजेच्या दृष्टीने पाहता पेशवेकालीन नाणे त्यांतील दोन ब्रिटिश रुपयांहून सरस ठरले. त्या वृद्ध गृहस्थांना हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी तो रुपया परत फडक्यात बांधला. पुढे काय करावयाचे तो निर्णय त्यांचा आहे. पण तो आता माहितीने होईल.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे एक विनंती आहे. वसई, सोपारा, आगाशी, विरार या परिसरातील जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत, आणि घर पाडताना पेटी रिकामी होते. नाणे विकत घेण्याची आवश्यकता नाही. त्याचे वजन करावे, दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत, वरील पाच नोंदी कराव्यात, ते घरात कोणत्या नावाने ओळखले जाई हे त्याच बोलीत लिहून घ्यावे, आणि नाणे मालकाच्या हाती परत द्यावे. जमिनीत पुरलेला साठा मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, याचीही जाणीव लोकांना करून द्यावी. धातूची पारख सराफाने शतकानुशतके चोख केली. रूपाची पारख करण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे, आणि नाणकपरीक्षकाला स्मृतिकारांनी सांगितलेली जबाबदारीही त्याबरोबर आली आहे.